जीपला बोटीचा आवाज

मी माझ्या जीपला बोटीचं धुराडं बसवलं. चुकून नव्हे. तीन महिने विचार करून, वहीत नकाशे काढून, चार जणांचं ऐकून आणि पाचव्याचं न ऐकता बसवलं. त्या पाचव्यालाच त्यातलं कळत होतं.

आश्विनातलं ऊन पडलं की मला ते धुराडं आठवतं. पालघरचं हे ऊन चमत्कारिक असतं. वर आभाळ धुतल्यासारखं निळं आणि खाली जमीन अजून ओलीच, त्यामुळे दुपारी सगळा मुलूख वाफेवर ठेवल्यासारखा वाटतो. भाताच्या लोंब्या वाकलेल्या असतात, रस्त्याकडेचं गवत माणसाच्या कंबरेला लागतं आणि टोकाकडून पिवळं पडायला लागतं. वारा उत्तरेचा असला तर बोईसरच्या कारखान्यांचा वास येतो, पश्चिमेचा असला तर सातपाटीच्या मासळीचा. आम्ही पालघरकर वासावरून दिशा सांगतो. परवा याच उन्हात आमच्या कारखान्यातला नवा इंजिनिअर देशमुख त्याच्या नव्याकोऱ्या गाडीभोवती फिरत होता. गाडीच्या मागे इंग्रजीत ‘टर्बो’ लिहिलेलं. मला म्हणाला, “सर, सायलेन्सर बदलायचाय. मोठा बसवू, की सरळ पाइप काढू? तुम्हाला यातलं कळतं म्हणे.”

कुणीतरी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

टर्बो म्हणजे काय, हे मी आयुष्यात निदान दोनशे जणांना समजावलं असेल; त्यातल्या निम्म्यांनी तरी ते विचारलं नव्हतं. इंजिन जो धूर बाहेर फेकतं, त्याच्यात जोर असतो, धग असते. आपण तो फुकट हाकलून देतो. टर्बो त्या धुराला दारातच अडवतं आणि म्हणतं, चाललाच आहेस तर जाता जाता एवढं चाक फिरव. त्या चाकाला जोडलेलं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, जास्त जोर. घर सोडून चाललेल्या पाहुण्याकडून विहिरीचं पाणी शेंदून घेण्यासारखाच हा प्रकार, आणि ज्याने कुणी तो पहिल्यांदा योजला त्याच्यापुढे मी मनातल्या मनात हात जोडत आलोय. फक्त एक पथ्य असतं. पाणी शेंदून झालं की त्या पाहुण्याला वाट मोकळी द्यायची. पुढची नळी चिंचोळी असली की धूर तुंबतो, चाक रेंगाळतं आणि सगळी गंमत संपते. म्हणून टर्बोच्या गाडीला धुराडं कसं निवडायचं हा किरकोळ प्रश्न नाही. निदान मला तरी तेव्हा जगात दुसरा प्रश्न दिसत नव्हता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात देखभाल खात्यात होतो, सांगलीकडून येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. माझ्याकडे एक जुनी जीप होती. तिचं मूळचं इंजिन वारलं, तेव्हा मी भंगारातून एका जनरेटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन उचललं. त्याला टर्बो होतं. ते जीपमध्ये बसवायला मला आणि आमच्या वेल्डर राजबलीला एक अख्खा पावसाळा लागला. बॉनेट बंद होईना म्हणून त्याला भोक पाडलं, आणि ते भोक आम्ही मुद्दाम पाडल्याचं लोकांना सांगितलं.

जीप धावायला लागली, पण मूळच्या बारक्या सायलेन्सरमधून तिला श्वास सुटेना. माझी परीक्षा ठरलेली असे: वाघोबा खिंडीचा चढ, गाडीत चार माणसं आणि तांदळाचं एक पोतं, गिअर तिसरा. अर्ध्या चढावर जीप काळी गुळणी टाकायची आणि दुसऱ्यावर यायची. मागे बसलेली माझी बायको नलिनी म्हणायची, “पोतं उतरवू का मी?” मग स्वतःच उतरायची आणि आमच्या बाजूने चालत यायची. दोनदा आमच्या आधी वर पोचली.

मग निवड सुरू झाली. राजबलीचं मत सरळ होतं. “साहब, पाइप जितना सीधा, उतना झगड़ा कम.” त्याने कारखान्याच्या भंगारातल्या जाड स्टेनलेसची नळी आणली आणि ती अशी जोडली, की सांध्यावरून बोट फिरवलं तरी सांधा कुठे ते कळू नये. त्याचं वेल्डिंग मी आजही शंभरांत ओळखीन. खवले कसे एकावर एक चढतात, तसा तो धातू चढवायचा. जीप तिसऱ्यात खिंड चढली. पण आवाज असा, की पत्र्याच्या पिंपात कुणी दगड घुसळतंय. झगडा कमी झाला तो नळीतला. कॉलनीत तो वाढला. शेजारच्या गुरुजींनी मला थांबवून शांतपणे विचारलं, “वैद्य, हे पेटवून तुम्ही नेमके कुठे जाता?”

त्यानंतर मी जाळीची नळी घातलेला, आत काचेचा कापूस भरलेला डबा करून पाहिला. आवाज गेला, आठ दिवसांत कापूसही गेला. तो डब्यातून निघून गुरुजींच्या तुळशीवर बसला. नंतर एका परदेशी मासिकातलं चित्र पाहून मागे दोन तोंडं काढली. दोन तोंडांनी गाडी फार देखणी दिसायची. उमरोळीच्या खड्ड्यात त्यातलं डावं गळून पडलं, आणि ते मागच्या सायकलवाल्याने आमच्यापर्यंत आणून दिलं तेव्हा मी म्हणालो, “आमचं नाही.”

त्याच दिवसांत हिराबाईने मला बोटीच्या त्या आवाजाचा पत्ता दिला.

हिराबाई सातपाटीची. आठवड्यातून दोनदा डोक्यावर पाटी घेऊन आमच्या गल्लीत यायची. भाव करणाऱ्याकडे ती असं बघायची, की तो माणूस भाव विसरून स्वतःच्या आई-वडिलांची आठवण काढी. तिचा नवरा काशिनाथ स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान, होता. त्या वर्षी त्यांनी बोटीला नवीन इंजिन घातलं होतं आणि ती त्याचं कौतुक पापलेटाच्या बरोबरीने विकत होती. “अख्ख्या बंदरात एकच हाय तसलं. शिटी वाजते त्याची,” ती नलिनीला सांगत होती. मी आतून वाटी-चमच्यासकट बाहेर आलो.

“शिट्टी? टर्बो आहे?”

“टरबो का फरबो, मना नाय ठाव. येता येता शिटी वाजते. मी घरात भाकरी थापते ना, तवा मना कलतं, आला.”

रविवारी मी सातपाटीला गेलो. भरतीच्या पाण्यावर बोटी खाडीत शिरत होत्या, आणि तोवर मला बोटींचा आवाज म्हणजे नुसती फटफट वाटत असे. मग काशिनाथची बोट आली. मोठी घागर पाण्यात बुडताना शेवटी जो खोल आवाज काढते, तसा एकामागून एक येणारा घोष, आणि त्याच्यावर, फार वर, एक बारीक, न तुटणारी शीळ. माझ्या जीपच्या पोटात याच घराण्याचं इंजिन होतं. तिला देवाने हाच गळा दिला होता आणि मी तिच्या घशात पत्र्याचं पिंप कोंबत होतो. मी तिथेच ठरवलं.

ते धुराडं मोरू मिस्त्रीने केलेलं होतं. खाडीच्या काठाला, पत्र्याच्या छपराखाली त्याचं काम चाले. साठीचा, लुकडा, चश्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. इंजिन तपासताना तो लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आमच्या कारखान्यात त्या कामाला परदेशी यंत्र होतं. ते यंत्र ‘काहीतरी बिघाड आहे’ एवढं सांगायचं. मिस्त्री सांगायचा, “तिसऱ्याची झडप बसत नाय नीट, आन् पाण्याच्या पंपात वाळू हाय.” मग उघडून पाहावं तर वाळू असायची.

असा माणूस, पण त्याच्या धुराड्यांना माप म्हणून नाही. त्याच्या छपराखाली सात-आठ धुराडी उभी होती आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. एक चार बोटं लांब, दुसरं वीतभर आखूड, एकाचा डबा जाड, एकाचा बारीक. मला राहवलं नाही. मी त्याला सुटे भाग एकमेकांना जुळावेत म्हणजे काय, प्रमाण कसं राखतात, यावर अर्धा तास सांगितलं. पुढच्या खेपेला त्याला एक मोजपट्टी भेट दिली. ती त्याने कपाळाला लावून खुंटीला टांगली, आणि पुन्हा कधी तिला हात लावलेला मी पाहिला नाही. अडाणी म्हातारा, असं मी नलिनीला म्हणालो होतो. हे वाक्य मी इथे लिहितोय, कारण ते खोडता येत नाही.

“काशिनाथच्या बोटीला आहे तस्संच हवं,” मी मिस्त्रीला म्हणालो. “लांबी तीच, डबा तोच. एका सुताचा फरक नको.”

तो बराच वेळ एका नळीचं तोंड कानशीने घासत राहिला. “गाडीला गाडीचा आवाज बरा दिसतो, सायेब.”

आवाज दिसतो म्हणणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलायचं, असं मला वाटलं. पण मी बोललो. पाच रविवार बोललो. त्याच्या ड्रिल मशीनची जळालेली मोटर मी कारखान्यातल्या माणसाकडून भरून आणून दिली होती. त्या भिडेपोटी तो शेवटी तयार झाला. धुराडं हातात देताना एवढंच म्हणाला, “बंदरावर नका आनू गाडी.”

“खाऱ्या हवेने गंजेल म्हणून?”

त्याने चश्म्यातून माझ्याकडे पाहिलं. “तसं समजा.”

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले फार देखणे दिवस होते. पाच माणसं आणि पोतं घेऊन जीप तिसऱ्यात वाघोबा खिंड चढली, आणि वर पोचल्यावर नलिनीसुद्धा उतरून मागे गेली आणि वाकून त्या काळ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, “माणसं गाडीत गाणं लावतात, तुम्ही गाडीलाच गायला बसवलंत.” गुरुजी आता खिडकीत येऊन उभे राहायचे. रस्त्याने जाताना बाजूच्या भातातून बगळे उठायचे, आणि इंजिनाने वेग धरला की ती शीळ अशी वर चढायची, की मला उगाच सभ्य, उदार, सगळ्यांना क्षमा करणारा माणूस झाल्यासारखं वाटायचं. इतक्या चांगल्या आवाजाच्या मागे चांगलं काहीतरी असलंच पाहिजे, असा माझा समज होता. अजूनही पूर्ण गेलेला नाही.

मग नलिनीचा भाऊ येणार होता आणि त्याला पापलेट हवं होतं. हिराबाई चार दिवसांत आली नव्हती. मी म्हणालो, आपणच जाऊ. मिस्त्रीचं बोलणं मी विसरलो नव्हतो. गंज एका दिवसात चढत नाही, एवढाच विचार मी केला.

सकाळी नवाचा सुमार असेल. भरती नुकती लागत होती. गावात शिरताना एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला बर्फाच्या कारखान्याची उंच भिंत लागायची; तिथे मी, खरं सांगायचं तर मुद्दामच, पाय जरा दाबला. त्या भिंतीवर आपटून आवाज खाडीकडे गेला आणि तिकडून दुप्पट होऊन आमच्याकडे आला. मला तो इतका आवडला की मी पुन्हा दाबला.

वळण घेऊन आम्ही बंदराच्या बांधावर आलो. बायका पाण्याकडे धावत होत्या. सगळ्यांच्या पुढे हिराबाई. हातात रिकामी पाटी, पदर कमरेला, केस सुटलेले. ती चिखलात गुडघ्यापर्यंत उतरली आणि खाडीच्या तोंडाकडे बघत राहिली. खाडीच्या तोंडात काही नव्हतं. पाणी होतं नुसतं, आणि त्यावर ऊन. मी गाडी पुढे घेतली. तशी तिने मान वळवली. मग बाकीच्या बायकांनी वळवली.

मी इंजिन बंद केलं.

काशिनाथची बोट परत यायचा दिवस टळून तीन दिवस झाले होते. मध्ये एक रात्र वारं फार होतं. बरोबर गेलेल्या बोटी आल्या, ती नाही आली. बोटीवर काशिनाथ, त्याचा धाकटा भाऊ आणि पाच खलाशी. या भरतीला आली नाही तर ओहोटीबरोबर चार बोटी शोधायला निघणार होत्या. माणसं डिझेलची पिंपं चढवत होती. हे सगळं मला एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे न बघता जीपकडे बघत होता.

हिराबाई चिखलातून वर आली, बांधाच्या दगडावर बसली आणि पाटी मांडीवर उलटी घेतली. कुणीतरी मला शिव्या दिल्या असत्या तर मी फार आभारी झालो असतो. नलिनी खाली उतरली आणि जाऊन तिच्या शेजारी बसली. ती मला काय बोलली नाही, तेही मी ऐकलं.

मी निघूनही जाऊ शकत नव्हतो. निघायचं तर इंजिन सुरू करावं लागणार. माणसं गोळा करून जीप गावाबाहेर ढकलत न्यावी, असं माझ्या मनात आलं, पण ती माणसं डिझेल चढवत होती. मी स्टिअरिंगला धरून बसून राहिलो. चाळीस वर्षांचा बाप्या, स्वतःच्या गाडीच्या चावीला घाबरलेला.

तासाभराने मोरू मिस्त्री आला. हातात आरी. त्याने धुराडं गार झालंय का ते हात लावून पाहिलं, पोत्यावर उताणा झाला आणि गाडीखाली सरकला. मी बाजूला उकिडवा बसलो. आरीचा आवाज ओंगळ होता, पण त्या सकाळी दुसरा कुठलाच आवाज मला सोसला नसता.

“मिस्त्री, तुम्ही सांगायचं होतं.”

“सांगितलं व्हतं. बंदरावर नका आनू.”

“कारण सांगायचं होतं.”

आरी थांबली. “सायेब, दोन बोटींना एक आवाज मी कंदी देत नाय. माझा बापूस बी नाय देयाचा. चार बोटं कमी, चार बोटं जास्त. बोट लांबून दिसत नाय, धुकं असतं, पावसाचं मळभ असतं. बायका कानानी घर सांभाळतात. कुनाची आली, कुनाची रायली, सगलं कानानी. आता हे तुमाला सांगितलं असतं तर तुमी मना अजून एक मोजपट्टी दिली असती.”

वीतभर तुकडा खाली पडला. मिस्त्रीने तो उचलून माझ्या हातात दिला. त्याच्या छपराखालची सात-आठ न जुळणारी धुराडी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. एकेका घराचं एकेक नाव त्याने त्या नळ्यांत कापून ठेवलं होतं, आणि मी त्याला प्रमाण शिकवायला गेलो होतो. माणसाला शरम वाटावी आणि त्याच क्षणी समोरच्याच्या हातांवरून नजर हलू नये, असं मला त्याआधी झालं नव्हतं.

“आता चालू केली तरी चालंल,” तो म्हणाला. मी केली नाही.

ऊन चढलं. पाणी बांधाच्या तिसऱ्या पायरीला लागलं. बायका बोलायच्या, थांबायच्या. नलिनीने हिराबाईच्या मांडीवरची पाटी स्वतःच्या मांडीवर घेतली होती. भरती पुरी व्हायला थोडंच उरलं असेल, तेव्हा दूर कुठेतरी एक आवाज आला. फाटका, खरखरीत, मध्येच एखादा ठोका गाळणारा. ज्यांची माणसं घरी होती त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. हिराबाई उठली.

आणि इथे मी तोंड उघडलं. मला वाटलं, सकाळी हिला एकदा माझ्यामुळे पाण्याकडे धावावं लागलं, आता पुन्हा नको. तेवढं तरी आपल्याला कळतं. आपण या विषयातले जाणकार. मी पुढे होऊन अगदी मऊ आवाजात म्हणालो, “हिराबाई, ती नाही. बसा. शीळ नाही याला, ऐका. आणि धुराडं तर नाहीच, उघडं इंजिन आहे. तिसरा सिलिंडर मारत नाही. दुसरी कुठलीतरी जुनी बोट आहे ही.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चिखलात उतरत होती. खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे. तिथे आल्यावर तो आवाज खाली बसला, मग दोनदा दबकत वर उठला, पुन्हा बसला. मला वाटलं, इंजिन मरतंय. माझ्या मागे मिस्त्रीने हातातली आरी खाली ठेवली आणि चश्मा काढून पुसायला घेतला.

“काशिनाथच,” तो म्हणाला. “दांडीवर आला की दोनदा पानी चाचपतो. लगीन झालं तवाधरून तसाच येतो.”

बोट दिसली तेव्हा तिचं धुराडं बुडापासून तुटलेलं होतं, टर्बोचा पत्ता नव्हता, बाजूची फळी दोरांनी आवळली होती आणि वर सात माणसं उभी होती. मी तीनदा मोजली. बांधावर जो कल्ला झाला त्यात नलिनी रडत होती, आणि दोन बायका तिला बोटीवर तिचं कोण आहे ते विचारत होत्या. काशिनाथ काठाला उतरला. हिराबाईने त्याला काहीतरी फार झणझणीत ऐकवलं, आणि तो मान खाली घालून, हसत, ऐकत राहिला.

पुष्कळ वेळाने ती पाटी भरून वर आली. तिच्यात बर्फात मऊ पडलेले पापलेट होते. तिने त्यातले दोन निवडून नलिनीच्या पिशवीत टाकले आणि तिला पिशवी मागे घेऊ दिली नाही. मी जीपला टेकून उभा होतो. मला बोलायचं नव्हतं, पण मी विचारलंच. “हिराबाई, आवाज तर पार बदलला होता. मला नाही ओळखता आला. तुम्हाला कसा?”

तिने पाटी डोक्यावर घेतली, ती नीट बसवली, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“सायेब, तुमचे कान बोंबलाबरोबर सुकत घाला,” ती म्हणाली. “विकता तरी येतील.”